हलणार नाही असं धरलेली भिंत

कॉम्प्युटरवर एखादं यंत्र जुळवायला घेतलं की सगळ्यात आधी एक भाग असा ठरवावा लागतो, जो हलणार नाही. बाकीचे भाग मग त्याच्या आधारानं जोडत जायचे. नांदेडच्या माझ्या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी मी मुलांना हे शिकवायचे. "आधी कुणालातरी एकाला घट्ट धरा, नाहीतर माउस लागला की अख्खं यंत्र पडद्यावरनं पळून जाईल," असं म्हटलं की मुलं हसायची. एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर अकरा कॉम्प्युटरचा तो क्लास होता. सकाळी मुलांना शिकवायचं आणि दुपारी फॅब्रिकेशनवाल्यांना ड्रॉइंग काढून द्यायची, असा माझा दिवस जायचा.

हे काम मला मनापासून आवडायचं, आणि आवडण्याचं कारण फारसं चांगलं नव्हतं. सुटा भाग सहा तऱ्हांनी हलू शकतो. तीन दिशांना सरकतो, तीन दिशांनी फिरतो. जोडायचं म्हणजे यातल्या नको त्या हालचाली बंद करायच्या. बिजागरी असेल तर पाच बंद आणि एक चालू. आपण ठरवू तेवढंच हलणार, त्याच्या पलीकडं सूतभरही नाही, यात मला भलतंच सुख वाटायचं. घरात, रस्त्यात, माणसांत असं काहीच माझ्या म्हणण्यानं चालत नव्हतं ना. कुठं ढिलेपणा दिसला की माझं डोकं फिरायचं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, म्हणायची की हिच्यासमोर साडीची निरी वाकडी झाली तरी ही पट्टी घेऊन धावेल.

माझी ड्रॉइंग ज्यांच्या हातून लोखंडात उतरायची ते चाचा. जुन्या नांदेडात त्यांचं वर्कशॉप होतं. वडील, आजोबा सगळे त्याच कामातले. पडद्यावरचं सगळं चाचांना कळायचं असं नाही, पण ड्रॉइंगचा कागद हातात घेऊन ते क्षणभर डोळे मिटायचे आणि मग एकच काहीतरी विचारायचे. ते विचारणं बहुतेक वेळा नेमक्या जागी लागायचं. त्यामुळं मला त्यांचा रागही यायचा आणि त्यांच्याशिवाय माझं पानही हलायचं नाही.

लातूरचं काम चाचांकडंच आलं. मुलींच्या एका खाजगी वसतिगृहाचं होतं ते. त्या वर्षांत लातूर म्हणजे क्लास, क्लास आणि क्लास. बसस्टँडच्या बाहेर पाऊल टाकलं की मार्क मिळवलेल्या पोरापोरींचे फोटो लावलेले मोठमोठे फलक, आणि ज्याच्या घरात चार खोल्या जास्तीच्या, त्यानं त्यांवर आणखी आठ चढवलेल्या. या वसतिगृहाचे मालक पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना सरच म्हणत. तिसरा मजला बांधून झाला तरी त्यांचा तो मजला काही भरत नव्हता. कारण भूकंप. औशाकडच्या, निलंग्याकडच्या खेड्यांतनं आलेली आईबापं खोली बघायच्या आधीच सांगायची, "वरच्या मजल्यावर न्हाई ठिवायची पोरगी." भूकंप होऊन वीसेक वर्षं उलटली होती, या पोरींचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तरी ती माणसं जिना चढताना भिंतीला हात लावून बघायची.

म्हणून सरांना इमारतीच्या बाहेरून लोखंडी जिना हवा होता. पण तो जमिनीपर्यंत आलेला नको. तसा असला तर बोळातलं कुणीही वर चढेल आणि वरची एखादी गुपचूप खाली उतरेल, ही दुसरी भीती. तेव्हा असं ठरलं की तिसऱ्या मजल्यापासून पहिल्या मजल्याच्या सज्ज्यापर्यंत पक्का जिना करायचा, आणि सज्ज्यापासून जमिनीपर्यंतचा शेवटचा टप्पा उचलून भिंतीला लावून ठेवायचा. सज्ज्यावर एक दांडा. तो ओढला की वजनाच्या तोलावर टप्पा सावकाश खाली यावा. त्यासाठी सज्ज्याच्या दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत एकेक ब्रॅकेट, दोन्हींतून गेलेला एक आडवा शाफ्ट आणि त्या शाफ्टभोवती फिरणारा जिना. थोडक्यात, एक मोठी बिजागरीच.

जागेवर मी गेलेच नाही. सरांनी फोनवर फोटो पाठवले, चाचांनी जाऊन मापं आणली, तेवढ्यावर भागवलं. फोटोत नुकताच रंग दिलेली पिवळी भिंत होती, सलग. मी ती एक अखंड ठोकळा म्हणून काढली आणि पहिलाच भाग म्हणून जागच्या जागी खिळवून टाकली. मग तिच्यावर ब्रॅकेट, ब्रॅकेटमध्ये शाफ्ट, शाफ्टवर जिना. दीड दिवसात सगळं जुळलं. माउसनं ओढलं की जिना खाली, सोडला की वर. त्याचा मी छोटासा व्हिडिओ केला. बोळात दोन झाडं लावली, जिन्याची सावली पडेल अशी सोय केली, आणि क्लासच्या मुलांना बोलावून मिरवला.

चाचांनी व्हिडिओ बघितला तेव्हा जिन्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी बोट भिंतीवर ठेवलं.

"हिला कशाला बांधली बेटा?"

"ती भिंत आहे चाचा. भिंत हलत नाही."

"आन् हलली तं?"

"भिंतच हलली तर जिन्याचं काय घेऊन बसलात?"

ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले. "भूकंपात मी गॅस कटर घेऊन गेलतो तिकडं," ते म्हणाले. "दगडं लोकांनी हातानं उचलली. मला बोलावलं ते दारं कापायला. काही घरं हुभी होती बेटा. भिंती हुभ्या, छत हुभं. पण चौकट जराशी तिरपी झाली की लोखंडी दार उघडत न्हाई. आतून लोक दार ठोकून राहिलेले." मग त्यांनी ब्रॅकेटवर बोट नेलं. "एका बाजूचं भोक जरा लांबट ठेवू. शाफ्टला सरकायला गुंजाइश राहू दे."

मी साफ नाही म्हटलं. लांबट भोक म्हणजे वाऱ्यानं जिना दिवसभर खडखडणार, सर तक्रार करणार आणि नाव माझं खराब होणार. शिवाय माझ्या ड्रॉइंगमध्ये ढिलेपणा म्हणजे मला स्वतःचीच लाज वाटली असती. चाचांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

उन्हाळ्यात ते जिना बसवायला लातूरला गेले. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. मी क्लासमध्ये होते, मुलांची परीक्षा चालू होती.

"बेटा, डाव्या बाजूला ड्रिल मारलं तं लाल भुगा निघाला. उजव्या बाजूला राखाडी."

"म्हणजे काय?"

"म्हंजे एका अंगाला विटा हायत, दुसऱ्या अंगाला शिमिटाचे ठोकळे. ही एक भिंत न्हाई, दोन घरं हायत. शेजारचा प्लॉट घेऊन जुन्याला नवं चिकटवलंय, मधल्या सांध्यावर जाळी मारून गिलावा केलाय. दार नेमकं सांध्यावर काढलंय, खांब आडवा येत नव्हता म्हणून. आपला एक ब्रॅकेट एका घरावर, एक दुसऱ्या घरावर."

तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "रंग एकच आहे ना? मग बसवा."

जिना बसल्यावर पाहणीला मात्र मी हौसेनं गेले. शाफ्टला हात लावून हलवला तर उजव्या बाजूला खडखड वाजला. चाचांनी मला न विचारता तिथलं भोक लांबट करून ठेवलं होतं. सर शेजारीच उभे होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "ड्रॉइंग मी काढते की तुम्ही?" असं मी सरांच्या देखत चाचांना विचारलं, बापाच्या वयाच्या माणसाला. चाचांनी शाफ्ट उतरवला, त्या भोकात घट्ट बुश, म्हणजे लोखंडी नळीचा तुकडा, बसवून वेल्ड मारला, परत सगळं चढवलं. आता सुई शिरायला जागा नव्हती. सरांनी नारळ फोडला, दांडा ओढला, आणि जिना लोण्यासारखा खाली आला. वसतिगृहाच्या मावशी पदर खोचून त्याच्यावरनं पहिल्यांदा उतरल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत चाचा खिडकीबाहेर बघत होते.

सरांनी माझा व्हिडिओ ऑफिसातल्या टीव्हीवर लावून ठेवला. कोणी पालक आले की आधी खुर्ची, मग पाणी, मग व्हिडिओ. तिसरा मजला बघता बघता भरला.

आणि मग अक्काचा फोन आला. अक्का अर्धापूरला, त्यांची केळीची बाग. माझी भाची दहावीला तालुक्यात वर आली होती, तिला डॉक्टर व्हायचं होतं, म्हणजे लातूरला पाठवणं आलंच. "दुसरीकडं कुठं जीव लागत न्हाई बाई," अक्का म्हणाली. "तिथंच ठिवू. मावशीनं केलेला जिना हाय म्हणल्यावर मला घोर न्हाई." मला किती अभिमान वाटला सांगू! मीच तिला घेऊन गेले, मीच तिसऱ्या मजल्यावरची खिडकीजवळची जागा निवडली, तिच्या गादीवर चादर घातली. त्या मजल्यावर तेव्हा चाळीसच्या वर मुली होत्या.

पावसाळा चांगला झाला. श्रावण संपता संपता भाचीचा फोन आला. अभ्यासाचं, मेसच्या पातळ वरणाचं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मावशी, व्हरांड्यात भिंतीला चीर पडलीय. वरपासून खालपर्यंत. मी पट्टी उभी घातली तं आत गेली. पोरी म्हणून राहिल्यात की वारं येतंय तिच्यातनं."

मी फोन ठेवला. लाल भुगा आणि राखाडी भुगा. जुनं घर मुरमावर होतं, हे मी नंतर विचारून घेतलं. नवीन भाग काळ्या मातीवर, पाया थातूरमातूर. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हात आक्रसते, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत असतं. मला ते माहीत होतं. ड्रॉइंग काढताना मात्र मला भिंत फक्त पिवळी दिसली होती.

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसनं मी लातूरला गेले. दुपारी मुली क्लासला गेल्या होत्या. वसतिगृह रिकामं होतं. चीर दाराच्या बरोबर वरनं निघून दोन्ही ब्रॅकेटच्या मधून खाली गेली होती. उजवा ब्रॅकेट डाव्यापेक्षा वर उचलला गेलेला साध्या डोळ्यांना दिसत होता, आणि तिरपा झालेला शाफ्ट त्या घट्ट बुशात आवळला गेला होता. मी सज्ज्यावर जाऊन दांडा ओढला. जिना वीतभर खाली आला, किंचाळल्यासारखा आवाज झाला आणि तो थांबला. मी दोन्ही हातांनी ओढला. मग दांड्याला लोंबकळले. माझ्या अंगात होतं नव्हतं तेवढं वजन टाकलं. जिना तसाच तिरपा, हवेत. खाली बोळात एक शेळी उभी राहून माझ्याकडं बघत होती. मी सज्ज्यावरच खाली बसले.

चाचांना तिथूनच फोन लावला. कसं सांगावं कळेना, पण त्यांनी मला फार बोलूच दिलं नाही. "मी उद्या येतो," ते म्हणाले. "बुश काढून भोक लांबट करून देतो. एका दिवसाचं काम हाय. रडू नको."

सर ऑफिसात होते. त्यांनी चहा मागवला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. फक्त त्यांचं स्वतःचं बिऱ्हाड तळमजल्यावर होतं. "करू ना मॅडम," ते म्हणाले, "पण आत्ता नको. अजून प्रवेश चालू आहेत. जिना उतरवलेला, वेल्डिंग चाललेलं दिसलं की पालक विचारतात. एकानं पोरगी काढली की दहा काढतात. दिवाळीच्या सुट्टीत पोरी घरी गेल्या की निवांत करून घेऊ."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत काय होतंय? इतकी वर्षं काही झालंय का?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्या भाचीची काळजी वाटणं साहजिक आहे. खाली आमच्या शेजारच्या खोलीत एक जागा होतेय. तिला आजच खाली घेऊ."

मला हायसं वाटलं. हे लिहिताना मान खाली जाते, पण त्या घटकेला मला दुसरं काही म्हणजे काहीच वाटलं नाही. छातीवरचा दगड उतरला. मी हो म्हटलं. भाची क्लासहून आली तेव्हा तिला सांगितलं की खालच्या खोलीत शांत असतं, अभ्यास होतो. ती थोडी कुरकुरली, मैत्रिणी वर होत्या तिच्या. पण तासाभरात आम्ही तिचा पसारा खाली आणला.

मी निघणार तेवढ्यात ऑफिसात एक बाई आली, बरोबर तिची पोरगी. औशाकडचं गाव होतं त्यांचं. पोरगी बारीक, मोठ्या डोळ्यांची, छातीशी दप्तर धरून उभी. सर म्हणाले, तिसऱ्या मजल्यावर एकच जागा आहे, आत्ताच रिकामी झालीय, खिडकीजवळची. बाई लगेच उठली. "वर नगं सर. माझं एक लेकरू भूकंपात गेलंय. वर नगं."

सरांनी टीव्हीकडं बोट दाखवलं. बाईनं व्हिडिओ बघितला. "अजून एक डाव दावा," म्हणाली. परत बघितला. मग सर म्हणाले, "या मॅडमनीच केलाय तो जिना." बाई माझ्याकडं वळली. तिच्या तोंडावर एवढं कौतुक होतं की मला तिच्याकडं बघवेना.

"तुमी केलाय मॅडम? बाईमाणसानं?"

"हो."

"मंग नीट केला आसंल. येतो न्हव खाली?"

सर समोरचे कागद चाळत होते. टीव्हीवर माझा जिना तिसऱ्यांदा खाली येत होता. दारात भाची उभी होती, खालच्या खोलीची किल्ली बोटात फिरवत.

मी मान हलवली. होय म्हणून. बाईनं पोरीचं दप्तर घेतलं आणि खुर्चीवर ठेवलं.

त्यानंतर मी दिवाळीची वाट बघत राहिले. दिवाळी आली तेव्हा सर म्हणाले, उजळणीचे वर्ग ठेवलेत, पोरी चारच दिवस घरी जाणार, आता परीक्षा झाल्यावर बघू. मी आणखी एकदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. मग मीही केला नाही. चाचांनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा म्हणाले, "मी माझ्या मनानं जातो, मजुरी पण नको." मी त्यांना सांगितलं की सर येऊ देत नाहीत. ते खोटं नव्हतं, पण मी सरांना पुन्हा विचारलंच नव्हतं. भाची खाली होती. अक्काला मी काहीच सांगितलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात पेपरात अधूनमधून बातमी यायची. अमक्या गावात जमिनीतून गूढ आवाज, भांडी वाजली, लोक घराबाहेर आले, तहसीलदारांनी अफवांवर विश्वास ठेवू नका म्हणून सांगितलं. पूर्वी असल्या बातम्या मी वाचतही नसे. आता सकाळी आधी तीच शोधायचे, आणि लातूरचं नाव नसलं की चहा घ्यायचे. क्लासमध्ये "आधी एक भाग घट्ट धरा" म्हणताना जीभ अडखळायची. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, सगळंच हलतं ठेवलं तर?" मी तिच्यावर उगीचच खेकसले.

संक्रांतीच्या आधीची दुपार होती. नांदेडला काहीच जाणवलं नाही. भाचीचा फोन आला तेव्हा मी डबा खात होते.

"मावशी, हाललं आमच्याकडं. लई न्हाई, पण आवाज आला न, ढगावानी, जमिनीतनं. पंखा हालला. आम्ही खालच्या सगळ्या भायेर आलो. मी तं चप्पल घालून आले."

"आणि वरच्या?"

"वरच्या पोरी जिन्यानं पळाल्या, तुझ्या. सज्ज्यावर आल्या. दांडा ओढला, पण जिना आलाच न्हाई मावशी. अर्धा येऊन थांबला. मागनं पोरी येतच होत्या, लोटालोटी झाली. आम्ही खालून वरडत होतो, मागं फिरा, आतल्या जिन्यानं या म्हणून, पण कुणी ऐकतंय व्हय." तिचा आवाज बदलला. "एकीनं कठड्यावरनं उडी मारली. माझ्या जागेवर आलेली ती. खाली फरशीवर पडली."

इमारतीला काही म्हणजे काही झालं नव्हतं. पाच मिनिटांत सगळ्या मुली आतल्या जिन्यानं खाली आल्या होत्या.

मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. घरी बसवेना म्हणून गेले. पोरीची एक टाच चुरा झाली होती आणि कंबरेत मार होता. महिना-दीड महिना झोपून राहायचं, मग पुढचं बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे यंदाची परीक्षा गेली. तिची आई शेजारी स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती. मला बघून ती उठली. मला वाटलं, आता ही माझ्या अंगावर येणार, आणि खरं सांगते, यावी असंच मला वाटत होतं.

तिनं स्टूल माझ्याकडं सरकवलं. "बसा मॅडम. एवढ्या लांबनं आलाव." मी बसले, तशी माझा हात धरून म्हणाली, "तुमचा जिना व्हता म्हणून भायेर तरी आली. आत गावली आसती तर? सर सांगत व्हते, जिना येतच व्हता म्हणं, हिनंच दम न्हाई धरला. मी बोलले हिला लई. लोकांनी एवढं करून ठिवलेलं आसतंय, थोडं थांबायचं का न्हाई?"

पोरगी छताकडं बघत होती. आईचं बोलणं तिनं कालपासून कितीदा ऐकलं असेल कोण जाणे. मग तिनं हळूच मान माझ्याकडं वळवली. रागानं नाही. वर्गात न समजलेलं गणित विचारावं तसं तिनं विचारलं.

"मॅडम, मी आजून किती थांबायला पायजे व्हतं?"

तिला ते खरोखर जाणून घ्यायचं होतं. पुढच्या वेळी तेवढं थांबता यावं म्हणून.

मी म्हणाले, "तू कितीही थांबली असतीस तरी तो आला नसता. श्रावणापासून तो अडकलेला होता. मी स्वतः ओढून बघितला होता. तुझ्या आईनं मला विचारलं त्याच दिवशी, दोन-तीन तास आधी."

आईच्या हातात मोसंबीची फोड तशीच राहिली. आधी तिला कळलं नाही. मग तिच्या डोळ्यांत एकेक गोष्ट जुळत गेलेली मला दिसली. दारात उभी असलेली माझी भाची, तिच्या बोटातली किल्ली, रिकामी झालेली खिडकीजवळची जागा. शिव्या आल्या नाहीत, हुंदका आला नाही. "उठा," एवढंच ती म्हणाली.

मी उठले. तिनं माझ्याखालचं स्टूल घेतलं, पलंगाच्या आणि माझ्या मधे ठेवलं, आणि माझ्याकडं पाठ करून त्याच्यावर बसली. तिच्या पाठीमुळं मला पोरीचं तोंड दिसेना. ती लेकीला मोसंबी भरवायला लागली.